सहावी-सातवीच्या पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवायचंय, सुरुवात कुठून करू? (खानापूर तालुका)

उद्यमबागवाला
नमस्कार मंडळी. बेळगावात, उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसीचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर लोखंड कापणाऱ्या मशीनचे, प्रोग्रॅम लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या वरच्या अंगाला. पोरगी गावच्याच सरकारी मराठी शाळेत सहावीला आहे, त्यामुळं यंदा लोकांनी धरून एसडीएमसीवर, म्हणजे शाळेच्या पालक समितीवर, बसवलं.

शाळेत कुणीतरी देणगीत दिलेले कॉम्प्युटर आहेत. त्यातले पाच चालू होतात, बाकीच्यांवर वह्यांचे गठ्ठे. आजवर पोरांनी त्यावर पेंटमध्ये झेंडा रंगवला आणि 'माय स्कूल' टाईप केलं, बास. मी एचएम (मुख्याध्यापिका) मॅडमना सहज म्हटलं, ह्यावर थोडं प्रोग्रॅमिंग शिकवूया की. त्या लगेच म्हणाल्या, शनिवारचा शेवटचा तास तुमचा. आता आली का पंचाईत!

मला जी-कोड, म्हणजे त्या मशीनची भाषा, येतो, पायथन कामापुरतं येतं, शिकवायचा अनुभव काही नाही. पोरं मराठी माध्यमाची, इंग्रजी वाचतात खरं अडखळत. इंटरनेट म्हणजे माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट, तोही खिडकीत ठेवला तर. पावसाळ्यात करंटचा भरवसा नाही. अशा ठिकाणी स्क्रॅचनं सुरुवात करू, पायथननं, की सरळ वही-पेन्सिलनं? माझा कल असा, की मशीन काय ऐकतं आणि काय ऐकत नाही हे आधी पोरांना कळावं, भाषा कुठली का असेना. तुम्ही काय म्हणता?

कुंदा_पार्सल
पहिल्या शनिवारी कुंदा वाटा. हजेरी शंभर टक्के.

तिसरं_रेल्वेगेट
स्क्रॅच. डोळे झाकून स्क्रॅच.

सहावीच्या पोराला पायथन दिलं की पहिला अर्धा तास कंस, कोलन आणि स्पेलिंगमध्ये जातो. वर लाल अक्षरात इंग्रजीतून एरर. पोरगं धरून चालतं की हे आपल्या डोक्याबाहेरचं आहे. स्क्रॅचमध्ये ठोकळे ओढून एकाला एक जोडायचे. जो ठोकळा तिथं चालत नाही तो बसतच नाही, त्यामुळं लिहिण्यातल्या चुका संपतात. उरतात त्या विचारातल्या चुका, आणि शिकवायचं तेच आहे ना? एमआयटीच्या मीडिया लॅबनं २००७ साली हे सगळ्यांसाठी खुलं केलं, आजही फुकट आहे.

एक गोम आधीच सांगते. आत्ताची आवृत्ती म्हणजे स्क्रॅच ३. ती कॉम्प्युटरवर टाकायला विंडोज १० तरी लागतं. देणगीतली मशीनं म्हणजे विंडोज ७ आणि दोन जीबी रॅम असणार, पैज लावते. त्यावर जुनी १.४ टाका. दिसायला जुनाट आहे खरं पळते झकास, आणि एकदा टाकली की इंटरनेट लागत नाही. रेघ ओढायचे पेनचे ठोकळेही तिच्यात समोरच असतात. नव्या आवृत्तीत ते खालच्या कोपऱ्यातलं बटण दाबून मागवावे लागतात, तिथं पोरं हमखास अडतात.

निपाणीकर_मास्तर
थोडं कडू बोलतो, राग मानू नका. माझी हयात सरकारी शाळांत गेली. सातवीतल्या कितीतरी पोरांना हातच्याची वजाबाकी, भागाकार धड येत नाही. वाचायला दिलं तर ओळीवर बोट ठेवून वाचतात. त्यांना कोडिंग कशाला?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंग आणायचं असं छापलं. त्याच्या आधी कॉम्प्युटर साक्षरता होती, त्याच्या आधी टीव्हीवरचे पाठ, त्याच्या आधी रेडिओवरचे. दर वेळी पेटी आली, नारळ फुटला, फोटो निघाला आणि पेटी कपाटात गेली. किल्ली एचएमच्या ड्रॉवरमध्ये. तुमचा शनिवार चार-सहा महिने चालेल. मग कंपनीत ओव्हरटाईम लागेल, तुम्ही याल न याल. पुढं काय, हा खरा प्रश्न आहे.

उद्यमबागवाला
सर, राग कसला? ओव्हरटाईमचं तर तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत.

वडगाव_माग
मास्तर, आमच्या वडगाव-खासबागेत पोरं पाळण्यापासून प्रोग्रॅमच्या खाली वाढलीत, फक्त त्याला कुणी कोडिंग म्हणत नव्हतं.

जकार्डचा माग बघितलाय का कुणी जवळून? साडीच्या बुट्ट्याचं डिझाईन आधी चौकटीच्या कागदावर काढतात. मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्टीला भोकं पाडतात. भोक असेल तिथं सुई आत जाते, तिचा हूक उचलला जातो आणि ताण्याचा (उभा) धागा वर येतो. भोक नसेल तर धागा जागेवरच. एक पट्टी म्हणजे बाण्याची (आडव्या धाग्याची) एक फेक. अशा पट्ट्या दोऱ्यानं ओवून त्यांची माळ करतात. माळ फिरून पहिल्या पट्टीवर आली की तोच बुट्टा पुन्हा सुरू. तुम्ही ज्याला लूप म्हणता ते हेच की! फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या जाकारनं हे १८०४ च्या सुमाराला बसवलं, आणि पुढं १८३० च्या दशकात बॅबेजनं आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हेच भोकांचे पुठ्ठे घेतले. आता पुष्कळ ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलंय, डिझाईन पेनड्राईव्हवरून चढतं. खरं आमच्या माळ्यावर जुन्या पुठ्ठ्यांच्या माळा अजून पडल्यात.

उद्यमबागवाले, एक खेळ सांगतो, करंट लागत नाही. चौकटीच्या वहीत सोळा बाय सोळाचा चौकोन आखा. एका पोरानं त्यात बुट्टा काढायचा, मग ओळीनं लिहायचं: रिकामी चौकट शून्य, भरलेली एक. तो आकड्यांचा कागद दुसऱ्याला द्यायचा, चित्र दाखवायचं नाही. दुसऱ्यानं नुसत्या आकड्यांवरून चित्र उभं करायचं. मधेच एक आकडा राहिला की तिथून पुढची अख्खी ओळ सरकते. आमच्यात अशा कापडाला गिऱ्हाईक मिळत नाही!

तिसरं_रेल्वेगेट
हे फारच भारी. स्क्रीनवरचं चित्र आत असंच साठवलेलं असतं. जुने पुठ्ठे शाळेत न्याच.

दहा_प्रिंट_वीस_गोटू
आमच्या वेळी बेसिक होतं. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ या दोघांनी १९६४ साली केलं, आमच्या हाताला लागेपर्यंत त्याला मिशा फुटल्या होत्या. १९८४ पासून केंद्राच्या 'क्लास' योजनेत देशातल्या निवडक शाळांना बीबीसी मायक्रो नावाचे कॉम्प्युटर मिळाले. आमची शाळा निवडक नव्हती, त्यामुळं आम्ही कॅम्पातल्या एका क्लासात पैसे भरून शिकलो. चप्पल बाहेर, एसी आत. पहिला प्रोग्रॅम दोन ओळींचा. १०: नाव छाप. २०: परत १० वर जा. स्क्रीनभर स्वतःचं नाव धावायला लागलं आणि थांबवायचं कसं हे कुणालाच माहीत नव्हतं. आमच्यातल्या एकानं मेन स्विच पाडला. एसीही बंद.

तेव्हा माझं मत: पहिल्याच तासाला काहीतरी हललं, धावलं पाहिजे. तत्त्वज्ञान नंतर.

कुंदा_पार्सल
मेन स्विच पाडणारा आज कुठं आहे?

दहा_प्रिंट_वीस_गोटू
वीज खात्यात.

मलप्रभा
मी खानापूर तालुक्यातच शिकवते, कणकुंबीच्या रस्त्याला. त्यामुळं उद्यमबागवाल्यांना काय काय भोगावं लागणार आहे ते आत्ताच सांगते.

जुलै-ऑगस्टात कॉम्प्युटर विसरा. आमच्याकडं पाऊस लागला की चार-चार दिवस करंट नसतो, आणि आला तरी व्होल्टेज असा की ट्यूब नुसती फडफडते. यूपीएसच्या बॅटऱ्या केव्हाच मेलेल्या असतात. त्यावर विसंबून मशीन चालू केलं आणि करंट गेला की पोरांचं अर्धं काम उडतं, दोघं-तिघं रडतात.

दुसरं, मशीन चालू केल्यावर तारीख बघा. २००९ किंवा असलंच काहीतरी जुनं साल दिसलं तर आतला नाण्याएवढा सेल संपलाय. सीआर २०३२ म्हणून कुठल्याही घड्याळवाल्याकडं मिळतो. तो बदलला नाही तर हॉटस्पॉट लावूनही अर्ध्या वेबसाईट उघडत नाहीत, सुरक्षेचा इशारा येतो आणि लोक म्हणतात इंटरनेट खराब आहे. तिसरं, उंदीर. माऊसच्या वायरी वर बांधून ठेवा.

पावसाळ्यात वऱ्हांड्यात काय करायचं ते सांगते. न्यूझीलंडच्या कॅंटरबरी विद्यापीठातल्या लोकांनी बिनकॉम्प्युटरचे कॉम्प्युटर-खेळ रचलेत, त्यातला एक आमच्याकडं फार चालतो. खडूनं फरशीवर वाटा आखायच्या, मधेमधे गोल काढायचे. सहा पोरं, प्रत्येकाच्या हातात एक आकडा. सगळी एकदम निघतात. गोलात दोघं भेटली की आकडे ताडून बघायचे, लहान आकडा डाव्या वाटेनं, मोठा उजव्या. पलीकडच्या टोकाला सगळी आपोआप चढत्या क्रमानं उभी! कुणी कुणाला रांग लावलेली नसते. गोल कुठं काढायचे ते मात्र आधी नीट आखून घ्या, नाहीतर रांग लागत नाही. आणि लागली नाही तरी हरकत नाही. कुठल्या गोलापाशी बिघडलं ते पोरं स्वतः उलटं चालत जाऊन शोधतात, मला तर तोच भाग जास्त आवडतो.

मोठ्यांसाठी आणखी एक. एकानं मनात शंभरच्या आतला आकडा धरायचा, बाकीच्यांनी फक्त 'याहून मोठा का' असं विचारायचं. सुरुवातीला पोरं 'सत्तरहून मोठा का', 'बाराहून मोठा का' अशी धडपडतात. मग एखादी हुशार पोर दर वेळी मधोमध वार करते. सात प्रश्नांत कुठलाही आकडा सापडतो, कारण सात वेळा दुप्पट केलं की १२८ होतात.

निपाणीकर_मास्तर
बाई, हे खेळ उत्तम आहेत. खरं याला मी गणिताचा तास म्हणेन. कोडिंगचं लेबल कशाला?

मलप्रभा
सर, लेबल लावलं की खोलीची किल्ली मिळते.

शहापूरचा_पालक
लॉकडाऊनमध्ये टीव्हीवर त्या कोडिंग क्लासच्या जाहिराती आठवतात का? सहा वर्षांचं पोरगं ॲप बनवतंय आणि गुंतवणूकदार दाराबाहेर मारामारी करतायत. आम्हीही मुलाचे पैसे भरले. सर्टिफिकेट आलं, सोनेरी किनारीचं. मग मी त्याला कोरा स्क्रीन देऊन म्हटलं, आता तुझ्या मनानं काहीतरी कर. तो म्हणाला, "सर सांगतात तेवढंच ओढायचं असतंय पप्पा." शाळेत फुकट शिकवणारा माणूस मिळत असेल तर त्याला अडवू नका एवढंच म्हणतो.

घटप्रभा_एक्सप्रेस
मी गोकाकचा, घरी कन्नड, शाळा कन्नड. मराठी बाजारात शिकलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडं दोन माध्यमांची शाळा एकाच आवारात आहे, लॅब एकच. तास वेगळे घेणं जमेना म्हणून आम्ही एका कॉम्प्युटरवर एक कन्नड, एक मराठी असे बसवले. सुरुवातीला भीती होती की सूचना कुठल्या भाषेत द्यायच्या. खरं एकदा पडद्यावरचं स्क्रॅचचं मांजर हलायला लागलं की आम्ही काय बोलतोय ते ऐकायला कुणाला वेळ आहे? पोरं आपापसात तीन भाषांचं काहीतरी बोलतात आणि काम होतंय. ठोकळ्यांवरचं इंग्रजीही तेवढ्याच शब्दांचं असतं, रंगावरून ओळखतात. निळा म्हणजे हालचाल, पिवळा म्हणजे पुन्हापुन्हा. शब्द मागून येतात.

सीमावासी_५६
हे सगळं ठीक आहे, पण आधी मराठी शाळांना पुस्तकं वेळेवर द्या, मास्तर भरा, मग कोडिंग. १९५६ पासून आपण

संपादक
सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिकडं जागा भरपूर आहे. इथं विषय शाळेतलं प्रोग्रॅमिंग.

कुंदा_पार्सल
त्या धाग्याला अनंत लूप लागलाय.

दहा_प्रिंट_वीस_गोटू
खंडेनवमीला शाळेतल्या कॉम्प्युटरची पूजा करता का? आमच्या ऑफिसात एकानं सीपीयूच्या जाळीतून हळद-कुंकू असं काही आत सोडलं की फॅन मेला. झेंडू फक्त मॉनिटरवर, ही माझी कळकळीची विनंती.

मलप्रभा
आमच्याकडं नारळ ठेवतात, कीबोर्डवर. एकदा स्पेसबार दाबला जाऊन कुणाच्या तरी फाईलमध्ये पानंच्या पानं कोरी.

उद्यमबागवाला
मंडळी, सुरुवात केली. मेल्या सेलचं खरं निघालं, दोन मशीनं अजून २००९ मध्येच होती. पैजही तिसरं_रेल्वेगेट ताईंनी जिंकली, सगळीकडं विंडोज ७. एका मशीनमध्ये तर एकच जीबी रॅम, चालू होईपर्यंत बिसिऊटाची (दुपारच्या जेवणाची) घंटा होते.

पहिल्या तासाला कॉम्प्युटरला हातच लावला नाही. मी दारात उभा राहिलो आणि म्हटलं, मी मशीन. मला फळ्यापाशी नेऊन डस्टर उचलायला लावा. मागच्या बाकावरची एक पोर ओरडली, "सरळ जा!" मी सरळ गेलो आणि बाकाला जाऊन धडकलो, तरी पाय हलवतच राहिलो. सगळा वर्ग हसून लोळायला लागला. "थांबा की!" मी थांबलो. "कुठं थांबायचं ते आधी का सांगितलं नाही?" मग "चार पावलं पुढं". माझी चार पावलं त्यांच्या सहाएवढी, परत धडक. तेव्हा एकानं खडू घेऊन फरशा मोजल्या आणि म्हणाला, पावलं नको, फरशीवर बोलूया. नंतर 'डावीकडं वळा' सांगितलं तर मी गोल गोल फिरत राहिलो. किती वळायचं? सातवीतला एक पोरगा जरा विचार करून म्हणाला, "काटकोनात." डस्टर हातात येईपर्यंत तास संपला. मास्तर, भागाकाराला यातला एकही मिनिट लागला नाही हे मान्य. खरं जे पोर वर्गात कधी तोंड उघडत नाही म्हणून मॅडम सांगत होत्या, तेच सगळ्यात जास्त ओरडत होतं.

आमच्या धंद्यात हेच रोज चालतं. काही कंट्रोलवर एक्स ५० लिहून पुढचं टिंब विसरलं तर मशीन ५० मिलिमीटर धरत नाही, ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग धरतं. टूल जागचं हललंय की नाही ते डोळ्यांना दिसतही नाही. नवा ऑपरेटर मशीनला शिव्या घालतो. मशीनचं म्हणणं एकच, तू लिहिलंस ते मी केलं.

तिसरं_रेल्वेगेट
आता स्क्रॅचवर आलात की हीच फरशी पडद्यावर आहे म्हणून सांगा. मधोमध शून्य. आडवं डावीकडं −२४० ते उजवीकडं २४०, उभं खाली −१८० ते वर १८०. तुमच्या जी-कोडमधलं जी ९० आणि जी ९१ इथंही आहेच: 'अमुक जागी जा' वेगळं आणि 'आहेस तिथून इतकं पुढं जा' वेगळं. सहावीच्या पोरांना ऋण संख्या नुकत्याच भेटलेल्या असतात. मांजर डावीकडं पाठवायला ती लागते म्हटल्यावर लक्षात राहते.

आणि एक सापळा मुद्दाम लावा. चौकोन काढायला शिकवा: शंभर पावलं पुढं, ९० अंश वळ, असं चार वेळा. मग म्हणा, आता समभुज त्रिकोण. सगळी पोरं तीन वेळा ६० अंश देतील, कारण त्रिकोणाचा कोन ६०. पडद्यावर जे उमटेल ते त्रिकोण नसतो, अर्धवट षटकोन असतो. सांगू नका का ते. बघत राहा.

निपाणीकर_मास्तर
१२० लागणार. मांजर बाहेरच्या बाजूनं वळतं, म्हणजे बाह्यकोन. मी हा धडा फळ्यावर किती वेळा शिकवला असेल, 'बाह्यकोन कशाला लागतो हो सर' याला माझ्याकडं परीक्षेपलीकडं उत्तर नव्हतं. एवढं एक मानतो. बाकी माझी शंका तशीच आहे: तुमच्यामागं कोण?

उद्यमबागवाला
सापळा लावला. बरोबर तसंच झालं. ६० नं बिघडल्यावर काहींनी ६१, ६२ असं वाढवत नेलं, काहींनी एकदम १०० टाकलं. एक पोर उठून फरशीवर आली, त्रिकोण आखला आणि त्याच्यावरून स्वतः चालली. कोपऱ्यावर वळताना म्हणाली, "अगं बाई, मी तर लई वळायलोय की!" मग १२०. त्यानंतर पंचकोन, षटकोन त्यांनीच काढले, आणि ३६० ला भागायचं हे कुणीतरी वहीत लिहून टाकलं होतं. भागाकार आला बघा मास्तर!

आता अडचण दुसरीच आहे. पाच मशीनं, पोरं वीसच्या वर. माऊस पोरगे धरून बसतात, पोरी मागून मान उंच करून बघतात. माझी स्वतःची पोरगीसुद्धा मागंच.

मलप्रभा
ड्रायव्हर-कंडक्टर करा. माऊस धरणाऱ्यानं स्वतःच्या मनानं काही करायचं नाही, नुसतं ऐकायचं. शेजारचा सांगणार, माऊसला हात लावणार नाही. घंटी वाजली की जागा बदल. मोठ्या कंपन्यांतले लोकही दोघंदोघं बसून असंच काम करतात म्हणे. आणि पहिली पाळी पोरींना ड्रायव्हर म्हणून द्या, कंडक्टर म्हणून नव्हे. उरलेल्या पोरांना त्याच वेळी वडगाव_माग यांचा बुट्टा द्या, रिकामी बसली की दंगा सुरू.

इंजिनीअर_मच्छे
मला कळत नाही, आता चॅटजीपीटी सगळा कोड लिहून देतंय. या पोरांनी मोठं होईपर्यंत प्रोग्रॅमर ही नोकरीच राहणार नाही. मग हा उपद्व्याप कशाला?

उद्यमबागवाला
आमच्याकडं कॅम सॉफ्टवेअर कितीतरी वर्षांपासून जी-कोड आपोआप लिहितंय. तरी मशीनसमोर उभ्या असलेल्याला तो वाचता यावा लागतो. नाहीतर टूल जॉबमध्ये घुसल्यावर कळतं, आणि तोपर्यंत स्पिंडलचा खर्च मालकाच्या बोकांडी. पोरांना प्रोग्रॅमर करायचा माझा विचारच नाही.

इंजिनीअर_मच्छे
हे पटण्यासारखं आहे, तरी मी असतो तर इंग्रजी बोलणं शिकवलं असतं.

शहापूरचा_पालक
या की मग, शुक्रवार मोकळा असेल.

तिसरं_रेल्वेगेट
मास्तरांच्या प्रश्नावर येते, कारण त्याला कुणीच नीट उत्तर दिलं नाही. केरळमध्ये सरकारी शाळांत विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स आहे आणि स्क्रॅच पाठ्यपुस्तकातच आहे. तिथं बाहेरून कुणी हौशी माणूस येत नाही, शाळेतलेच शिक्षक तयार केले. म्हणजे तुमच्यामागं कोण याचं उत्तर शाळेतच शोधावं लागणार. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये पुष्कळ विषयांचे छोटे व्हिडिओ आहेत, मराठीतूनही आणि कन्नडमधूनही, डाऊनलोड करून नेता येतात. शिक्षकांनी ते घरी बघावेत.

निपाणीकर_मास्तर
घरी कोण बघतंय? मी मास्तर आहे, मला माहीत आहे. जनगणना, निवडणूक, बिसिऊटाचा हिशेब, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसची माहिती, यातून उरलेला वेळ घरचा. उपाय एकच. तुम्ही शिकवताना वर्गातली बाई मागच्या बाकावर बसलीच पाहिजे, आणि महिन्यातून एक तास तिनं घ्यायचा, तुम्ही मागं. हे एचएमकडून आत्ताच कबूल करून घ्या. नंतर कुणी करत नाही.

उद्यमबागवाला
बसतात, मागच्या बाकावर. वह्या तपासत.

परवा मात्र त्रिकोणाच्या वेळी वह्या बाजूला ठेवून उठल्या होत्या. एका तासाचं विचारतो.

तोवर एक व्यावहारिक प्रश्न. दोन पोरांच्या घरी मोठ्या भावाचे लॅपटॉप आहेत, त्यावर नवीन स्क्रॅच ३ आहे. शाळेतलं काम पेनड्राईव्हवर घरी नेलं तर उघडेल का?

तिसरं_रेल्वेगेट
१.४ ची फाईल स्क्रॅच ३ मध्ये उघडते. उलटं नाही, घरून बदल करून आणलेली फाईल शाळेत उघडणार नाही. म्हणून घरचं काम वहीत लिहून आणायला सांगा, शाळेत पुन्हा जोडतील. रॅम कुठली लागते ते मशीन उघडून बघा, माझ्याकडं जुन्या ऑफिसातल्या काही पट्ट्या पडल्यात.

उद्यमबागवाला
बघितलं. तीन मशीनं डीडीआर ३ ची आहेत, ते एक जीबीवालं डीडीआर २ चं. दोन्हीतलं जे असेल ते द्या, खरं पट्टीवरचं लेबल वाचून सांगा. खाच वेगळ्या जागी असते, एकाची दुसऱ्यात बसत नाही.

मलप्रभा
आणि पेनड्राईव्ह शाळेत लावायच्या आधी स्कॅन करा. फोल्डरचे शॉर्टकट करणारा व्हायरस आमच्याकडं एका झेरॉक्सच्या दुकानातून आला, तो अख्ख्या लॅबमध्ये पसरला.